वाढीव नारळ

आमच्या कंपनीत युजरचा फार कळवळा. इतका, की त्याला त्रास नको म्हणून सहसा कुणी त्याला भेटायलाच जात नसे. जायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं माहेर धाराशिवचं. साहेबांच्या मते त्यामुळे मला ‘ग्राउंड’ कळतं.

तोंडी हुकूम ऐकून माल मागवणारं एआय अ‍ॅप घेऊन मी तुळजापुरात एका मावशींकडे गेले. त्या एका लॉजच्या ओट्यावर ओटीचं सामान विकत. नारळ, खण, कवड्यांच्या माळा. ओटा लॉजमालकाचा आणि त्याची अट एकच: लॉजच्या गिऱ्हाइकांची वाट अडली की दुकान उचलायचं. मावशींचं पोट त्या ओट्यावर होतं.

“नुसतं बोलायचं, माल आपोआप येतो,” मी म्हणाले.

“लिव्हायचं न्हाय ना? मग ठिव हितं,” म्हणत त्यांनी फोन कुंकवाच्या ढिगाला टेकवला.

अ‍ॅपनं सदैव कान देऊन बसावं, ही साहेबांची लाडकी कल्पना. युजरला बटण दाबायला लावणं म्हणजे त्याचा अपमान, असं ते म्हणत. आता देवीच्या दारात नारळ फोडत नाहीत, वाढवतात. येणारा-जाणारा दिवसभर विचारतो, “मावशी, नारळ वाढवायचा कुठं?” मावशी सांगतात, “वाढवा की, तिकडं म्होरं.” अ‍ॅपनं दर वेळी इमानेइतबारे मागणीतले नारळ वाढवले.

मी पुण्यात परतले तेव्हा पडद्यावर तुळजापूरच्या मागणीचा आलेख आभाळाला भिडला होता आणि साहेबांनी नाचायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. मी म्हटलं, “साहेब, तिथं वाढवणं म्हणजे फोडणं.” साहेब म्हणाले, “छान! म्हणजे दोन्ही अर्थ कव्हर झाले.”

तेवढ्यात मावशींचा फोन आला. “पोरी, टेम्पो आलाय. एवढं नारळ कुणी मागिवलं? थांबीव त्येला!” मागणी रद्द करायची सोय अ‍ॅपच्या दुसऱ्या टप्प्यात येणार होती.

मिळेल त्या गाडीनं मी पुन्हा तुळजापूर गाठलं. पोती लॉजच्या दारापर्यंत रचलेली, आणि सोलापूरचं एक कुटुंब बॅगा डोक्यावर घेऊन ती ओलांडत होतं. मी लॉजमालकाला समजावलं, की चूक मावशींची नाही, यंत्राला शब्द कळला नाही.

“तुमच्या यंत्राचं तुमी बघा,” तो म्हणाला. “मला उद्या ओटा मोकळा पायजे.”

मला साहेबांची भयंकर चीड आली. पण ते समोर नव्हते, समोर मावशी होत्या. त्या माळा गुंडाळून पिशवीत भरत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, “मावशी, ते अजून नवीन आहे. हळूहळू शिकेल.”

“शिकंल की,” मावशी म्हणाल्या. “पर तवर म्या कुठं बसू?”