ताईच्या जीपला नवे पाटे

नागपूर स्टेशनाबाहेर आले तेव्हा ताईच्या आधी मला तिची जीप दिसली. टांगे आणि सायकलरिक्षांच्या मधोमध ती एका अंगावर कलून उभी होती. मागची डावी बाजू चार बोटं खाली बसलेली, टायर घासून गुळगुळीत झालेले, वरच्या ताडपत्रीला दोन रंगांची ठिगळं. स्टिअरिंगवर हात ठेवून ताई बसली होती. साडीवर पुरुषी स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट.

"आलीस? चढ. सामान मागे टाक आणि घट्ट धर," ती म्हणाली. चार वर्षांनी भेटत होतो आम्ही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. थंडीचे दिवस होते. पारशिवनीच्या पुढे, जंगलाच्या कडेच्या एका खेड्यातल्या धर्मादाय दवाखान्यात ताई एकटी डॉक्टर होती. जीप लष्कराच्या लिलावातून आलेली, आणि ती चालवणारीही ताईच. मी पुण्याच्या एका शाळेत शिकवत होते. नाताळची सुट्टी लागताच बाबांनी मला नागपूरला धाडलं, ते ताईसाठी एक पत्र देऊन. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात तिच्यासाठी जागा होती. 'तिला घेऊनच ये,' असं त्यांनी मला निघताना दोनदा सांगितलं होतं.

स्टेशनजवळच्या टपरीवर आम्ही तर्री घातलेले पोहे खाल्ले. वर भरपूर सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि डोळ्यांतून पाणी काढणारा हरभऱ्याचा लाल रस्सा. मी पत्र तिथेच दिलं. ताईने ते वाचलं, नीट घडी घातली आणि आपल्या डॉक्टरी बॅगेत ठेवलं.

"आधी गाडीचं बघू," एवढंच ती म्हणाली.

कामठी रोडवर इंदोऱ्याच्या बाजूला दौलतराव मिस्त्रींचं गॅरेज होतं. वर पत्र्याचं छप्पर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि हत्यारं देवघरातल्या भांड्यांसारखी ओळीने मांडलेली. दौलतराव पन्नाशीचे, बारीक अंगाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. लष्कराच्या वर्कशॉपात त्यांनी वीस वर्षं जीपगाड्याच दुरुस्त केल्या होत्या. ते आडवे होऊन गाडीखाली गेले आणि बराच वेळ तिथून फक्त हातोडीची टकटक ऐकू आली.

बाहेर आल्यावर त्यांनी ताईला नमस्कार केला आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, मागचा एक पाटा तुटला. पण खरी गडबड दुसरीच आहे. कोणीतरी हिच्यात ट्रकचा जाड पाटा टाकून ठेवला. माल वाहाले ठीक आहे. माणसाले नाई."

गाडीचं अंग ज्या लोखंडी कमानींवर तोललेलं असतं, त्या कमानी एकावर एक ठेवलेल्या पट्ट्यांच्या असतात. त्यांनाच इकडे पाटे म्हणतात. पाटे कडक असले की खड्ड्याचा दणका जसाच्या तसा वर येतो. हे मला दौलतरावांनी हाताच्या पंजावर पंजा ठेवून समजावून सांगितलं.

मग ते ताईकडे वळले. "पहिले मले हे सांगा, गाडी अजून किती दिवस चालवाची आहे? सालभराचं काम असंन तं तुटका पाटा बदलून देतो, टायरबी तेवढे चालून जातीन. पण बरीच सालं चालवाची असंन तं मंग सारंच बदलावं लागंन."

साधा मिस्त्रीचा प्रश्न होता. पण बाबांनी पत्रात विचारलेलंही हेच होतं. ताईने बॅगेचा बंद पुन्हा आवळला. मी दुसरीकडे पाहू लागले.

"मागे झोपवून पेशंट नेता न तुम्ही?" दौलतरावांनी विचारलं. "मंग तुम्ही सोता कधी झोपून पाह्यलं का?"

ताईने मान हलवली. झोपली नव्हती. चालवायला तीच असायची ना.

"चला तं मंग. मी चालवतो."

ताई मागच्या स्ट्रेचरवर आडवी झाली. मी तिच्या उशाशी बसले. दौलतरावांनी गाडी रस्त्यावरून काढून कन्हान नदीकडे जाणाऱ्या एका पांदणीत (दोन शेतांमधली गाडीवाट) घातली. पावसाळ्यात बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या काळ्या मातीत आता दगडासारख्या वाळल्या होत्या. पहिल्याच खड्ड्यात ताईचं डोकं स्ट्रेचरवरून उचललं जाऊन आपटलं. मी हात खाली घातला. दुसऱ्या दणक्याला तिने माझं मनगट धरलं. चाकोऱ्यांमधला उंच वरंबा गाडीच्या पोटाला खरडत होता आणि तो कर्कश आवाज झोपलेल्या माणसाच्या थेट पाठीखाली येत होता. जेमतेम अर्धा मैल गेलो असू. ताईचा चेहरा पांढरा पडला.

"थांबवा," ती म्हणाली.

ती उतरून शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) बसली. तुरीला पिवळी फुलं आली होती. मी शेजारी बसले. दौलतराव गाडीजवळच थांबले.

"ऑगस्टमध्ये एक बाई नेली होती, सुमे," ताई सांगू लागली. "सातवा महिना, अंगावरून जात होतं. वाटभर ती म्हणत होती, बाई, हळू. मला वाटायचं, याहून हळू कशी चालवू? मूल गेलं. पुस्तक सांगतं की धक्क्यांनीच गेलं असं म्हणता येत नाही. मी पुस्तकावर विश्वास ठेवला. पण ती काय सोसत होती, ते मला आज कळलं."

तिने डोळे पुसले नाहीत. बूट झटकून ती उठली आणि दौलतरावांपाशी गेली.

"सगळं बदला," ती म्हणाली. "मी इथेच राहणार आहे."

बाबांच्या पत्राचं उत्तर मला असं शेतात मिळालं. वाईट वाटलं, हे खरं. पण तिच्याशी वाद घालावा असं एकदाही वाटलं नाही.

पुढचे दोन दिवस टायर आणि पाटे यांखेरीज आम्ही दुसरं काही बोललो नाही. ताईला गाडी उंच हवी होती, म्हणून ती म्हणत होती की कमानीच उंच करा. दौलतराव हसले. "कमानीनं अंग वर जाते. खालचा गोळा," त्यांनी मागच्या आसावरच्या लोखंडी फुगवट्यावर थाप मारली, "तो हाय तिथंच राह्यते. वरंब्याले तोच तं घासून राहिला. त्याले उचलाचं असंन तं चाकच मोठं लागते."

मूळचे टायर सहाशे-सोळा मापाचे होते. ताईने सर्वांत मोठे, साडेसातशे-सोळा, मागितले. दौलतरावांनी वाद न घालता ओळखीच्या दुकानातून दोन आणून पुढे चढवले. जीप ऐटबाज दिसू लागली. पण ताईने स्टिअरिंग पूर्ण वळवलं तेव्हा रबर पत्र्याला घासून असा वास सुटला की शेजारचा पानवाला उठून बघायला आला. शिवाय स्टिअरिंग इतकं जड झालं की ताईला उभं राहून ओढावं लागलं.

"आता सातशे-सोळा लावतो," दौलतराव शांतपणे म्हणाले. "गोळा इंचभर उचलते, कुठं घासत नाई. अन् रुंद चाक आपल्या काळ्या मातीत चिखल धरून बसते. सडपातळ चाक चिखल कापून खालची टणक जमीन पकडते."

पाटे मात्र तयार मिळाले नाहीत. नागपूरच्या महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत एक म्हातारे लोहार होते, त्यांच्याकडे आम्ही सायकलरिक्षाने गेलो. एका जाड पाट्याच्या जागी त्यांनी दोन-तीन पातळ पाटे घडवून दिले. भट्टीतून काढलेला लाल पाटा तेलात बुडवताना ते आम्हा दोघींना मागे सारायचे, "दूर राहा वं पोरीहो, उडते ते." ताईला पोरी म्हणणारं माणूस तिला बऱ्याच दिवसांनी भेटलं असावं. ती खुदकन हसली.

दुपारी दौलतरावांच्या पत्नीने आम्हाला जेवायला घरात बोलावलं. ज्वारीची भाकर, लवंगी मिरच्या घातलेलं वांग्याचं भरीत, कच्चा कांदा. तिखटाने माझी बोलती बंद झाली, तेव्हा बाईंनी न विचारता गुळाचा खडा हातावर ठेवला. "माह्यं पहिलं पोरगं बैलगाडीतच झालं," त्या ताईला म्हणाल्या आणि दौलतरावांकडे बोट केलं. "म्हणून सांगते, तुमची गाडी नीट होईपावतर मी यायले दुसरं काम हातात घेऊ देत नाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी, मागे धक्के शोषणारे नवे शॉकअप बसवून, पाट्यांना ग्रीस लावून, आम्ही निघालो. कन्हानचा पूल ओलांडला, संत्र्यांच्या बागा मागे पडल्या. पारशिवनी सोडल्यावर मात्र दवाखान्यापर्यंत पोहोचलोच नाही. एका गावाच्या फाट्यावर चार माणसं हात हलवत धावत आली. गिरजा नावाची बाई बाळंतपणात अडली होती. ताईने गाडी आत गावात नेली आणि घरात जाऊन तिला तपासलं. मूल आडवं होतं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्याशिवाय उपाय नव्हता, आणि डांबरी रस्त्यापर्यंत दोन मैल पांदण होती.

गिरजाला स्ट्रेचरवर ठेवलं. उशाशी मी, पायाशी तिची सासू. ताईने एक सुई टोचली, चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली आणि गाडी सुरू केली. येताना मी पुढच्या सीटवर होते; आता मागे बसून, दात आवळून पहिल्या दणक्याची वाट पाहत होते. गाडी खड्ड्यात उतरली, अंग हलकेच खाली गेलं, वर आलं. धक्का येत होता, पण वर पोहोचेपर्यंत विरून जात होता. गोळाही वरंब्यावरून सुटा जात होता. अवघड वळणावर ताईने गाडी मुंगीच्या पावलाने घेतली तेव्हा गिरजाने डोळे उघडले.

"गाडी काहून थांबली, बाई?"

"थांबली नाही गं. चालू आहे," मी म्हणाले.

"चालून राहिली वं माय, तू पडून राय," सासू म्हणाली आणि तिच्या पायांवरची गोधडी सारखी केली.

पुढे ताईची पाठ मला दिसत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण हे बोलणं तिने ऐकलं होतं. तिचे खांदे हलले. मग तिने पदराने चेहरा पुसला आणि पुढचा खड्डा तितक्याच जपून घेतला. डांबरीवर आल्यावर पंपाने हवा भरली आणि गाडी नागपूरच्या दिशेने सोडली. ऊन उतरायच्या आत शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

सुट्टी संपल्यावर मी एकटीच पुण्याला परतले. बाबांनी दारातच माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. पाटे, टायर, गोळा, कागदावर चित्रं काढून सांगितलं. बहिणीला परत आणायला गेलेली मी तिच्या गाडीची बाजू मांडत बसले होते. ती तिथे का राहते हे तिच्या पत्रांतून मला कधी कळलं नव्हतं. त्या दोन मैलांत, गिरजाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यावर, ते विचारावंच लागलं नाही. शेवटी बाबांनी एकच विचारलं.

"ती पुढे चालवते. मग मागे, पेशंटजवळ, कोण बसतं?"

मी कागदावर स्ट्रेचरच्या उशाशी बोट ठेवलं; ती जागा रिकामी होती.

मेच्या सुट्टीत बाबा आणि मी, दोघंही ताईकडे गेलो. बाबांसाठी ताईने पुढची सीट पुसून, वर चादर घालून ठेवली होती. बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते मागे, स्ट्रेचरच्या उशाशी जाऊन बसले.