लाहिरीबाईंच्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल

डॉक्टर लाहिरी जीपमधून उतरायला तयार नव्हत्या.

"मॅडम, ट्रायल आहे. मागे वाळूची पोती ठेवतो. तुम्ही काठावरून बघा," मी म्हणालो.

"पावसात पेशंटबरोबर मागे मीच असते. पोती मला काय सांगणार?"

बराकपूरच्या पुढे, हुगळीकाठच्या एका वीटभट्टीखालच्या चिखलात आम्ही जीप आणली होती. लाहिरीबाई उत्तर बंगालात, डोंगरपायथ्याच्या डुआर्समधल्या एका चहामळ्यावर डॉक्टर होत्या. मळा आणि मोठं हॉस्पिटल यांच्यामध्ये बिनपुलाची नदी. आदल्या पावसाळ्यात त्यांची अ‍ॅम्ब्युलन्स जीप पात्रात रुतली आणि आतली अडलेली बाळंतीण तिथेच गेली. आमच्या डमडमच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी हे अगदी सपाट आवाजात सांगितलं.

रुतण्याचं कारण साधं आहे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियल असतं. ते दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देतं. रस्त्यावर हे उत्तम. चिखलात मात्र पकड नसलेलं चाक गरगरतं आणि पकड असलेलं ढिम्म. यावर उपाय म्हणजे लॉकर, तो दोन्ही चाकं एकत्र जखडतो. एक लॉकर इंजिनची ताकद चाकांकडे आली की आपोआप जखडतो आणि ताकद काढली की वळणावर आपोआप सुटतो. दुसरा ड्रायव्हरने लिव्हर ओढून लावायचा, आणि पक्क्या रस्त्याला लागलं की आठवणीने काढायचा. नाही काढला तर वळणावर टायर किंचाळतात, स्टिअरिंग जड होतं आणि शेवटी चाक फिरवणारा एखादा शाफ्ट तुटतो.

आमचे मालक दत्तबाबू परदेशी ऑटोमॅटिकवर लट्टू होते. "जोशीबाबू, ड्रायव्हरच्या हातात लिव्हर द्याल तर तो विसरणारच!" मला पटलं. ऑटोमॅटिक बसवला.

चिखलातून जीप अशी निघाली, की काठावर दत्तबाबूंनी टाळ्या वाजवल्या. "उद्याच डिलिव्हरी!"

बांधावर चढून आम्ही पलीकडच्या उताराला लागलो. मी पुढे, मळ्याचा ड्रायव्हर थापा स्टिअरिंगवर, बाई मागे. खाली वळण, वळणाला लागून तळं, आणि रस्त्यावर ओल्या विटांचा चुरा. थापाने गिअर काढून न्यूट्रल केलं आणि गाडी सोडून दिली. पेट्रोल वाचवायची ही युक्ती. मी तोंड उघडेपर्यंत वळण आलं. त्याने धाडकन सेकंड टाकला, क्लच सोडला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

खालून खाड्‌ असा आवाज आला. लॉकरने दोन्ही चाकं एकदम जखडली होती. दोन्ही एकदम घसरली आणि जीपचं शेपूट तळ्याकडे फिरलं.

थांबलो तेव्हा मागचं डावं चाक हवेत होतं. आम्ही दोघे उतरलो असतो तर पुढचं वजन जाऊन गाडी बाईंसकट पाण्यात गेली असती.

"मॅडम, हलू नका. थापा, ब्रेक मत छोड़ना. उतरना मत."

"हाँ साब." त्याने ब्रेक आणखी दाबला.

"आता सीटवरून पुढे या. सावकाश."

बाई इंच-इंच सरकल्या. मागे माती ढासळल्याचा आवाज आला आणि जीप जराशी कलली. मी त्यांचं मनगट धरून ओढलं. त्या माझ्या बाजूने खाली उतरल्या, चार पावलं चालल्या आणि रस्त्यातच बसल्या. भट्टीवरच्या लोकांनी दोर बांधून गाडी ओढून काढली.

दत्तबाबू धापा टाकत आले. "ड्रायव्हर बदला!"

"पहाड़ में सब ड्राइवर ऐसे ही उतरते हैं, साब," थापा पुटपुटला.

"ऐकलंत? मग किती जणांना बदलणार?" माझा आवाज चढला. मालकांवर मी तोवर कधी ओरडलो नव्हतो. "ड्रायव्हर चुकणारच, हे धरून चला. लिव्हर विसरला तर गाडी आधी बोंब मारते. या लॉकरने बोंब मारली का?"

"शाफ्ट तुटला तर जबाबदारी तुमची."

"माझी."

बाई उठल्या, साडीवरचा चुरा झटकला आणि म्हणाल्या, "लिव्हरवाला बसवा."

पुढचा पावसाळा सरल्यावर जीप वर्कशॉपला आली, बरोबर बाई. मागचा शाफ्ट तुटलेला. दत्तबाबूंनी बोटाने मला तो दाखवला. मी बाईंना विचारलं, कधी तुटला?

"नदी ओलांडली, पण थापा लॉकर काढायला विसरला. टायर ओरडत होते, पण मागे बाळंतीण त्याहून मोठ्याने ओरडत होती. पक्क्या रस्त्यावर शाफ्ट तुटला."

"मग?"

"मग काय? गाडी चालतच राहिली."

मी खाली वाकून बघितलं. शाफ्ट एका बाजूचा तुटला होता. लॉकर काढलेला असता तर सगळी ताकद त्या तुटक्या बाजूला वाया गेली असती. तो लागलेला राहिला, म्हणून दुसऱ्या चाकाने जीप ओढत नेली. ज्या विसरण्याने शाफ्ट मोडला, त्यानेच बाळंतिणीला हॉस्पिटलात पोचवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

"ऑटोमॅटिक असता तर वळणावर आपोआप सुटला असता, शाफ्ट तुटलाच नसता," दत्तबाबू म्हणाले.

तेही खरंच होतं. मी नवा शाफ्ट बसवायला घेतला.