तासलेली खूण

लोवीसा रासानेन आमच्या वस्तीत सत्तरहून अधिक वर्षे जगली. तिच्याविषयी बोलताना लोक तिच्या खंबीरपणाचा उल्लेख करतात. खंबीरपणाची स्तुती करणे सोपे असते. तो अंगी येण्यासाठी माणसाला काय सोडावे लागले, हे विचारणे अवघड. लोवीसाने ते तेराव्या वर्षी, सरोवरावरचा बर्फ फुटण्याआधी, स्वतःच्या हाताने सोडले.

तिचे वडील ताव्हेत्ती फिनलंडमधल्या साव्हो प्रांतातून बायको-मुलीला घेऊन मिनेसोटाच्या उत्तर टोकाला आले, तेव्हा या सरोवराकाठी जंगलाखेरीज काही नव्हते. सगळ्यांप्रमाणे त्यांनीही आधी सौना बांधला. वाफेच्या आंघोळीसाठी ओंडक्यांची एक खोली, तापवायचे दगड, बसायला दोन फळ्या. पहिला हिवाळा त्यातच गेला. घर नंतर उभे राहिले. चौथ्या वर्षी जानेवारीत त्याच सौनात लोवीसाची आई कारोलीना बाळंत झाली आणि पाचव्या दिवशी त्याच फळीवर तिला शेवटची आंघोळ घातली गेली. मुलगा जगला. बाळंतपण आणि मर्तिक ही दोन्ही कामे वस्तीत म्हातारी प्रीता पाहत असे. पाद्री उन्हाळ्याखेरीज फिरकत नसल्यामुळे मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून एलिअस हे नावही तिनेच ठेवले.

दफनभूमी सरोवरापलीकडच्या वाळूच्या टेकडीवर होती. घोड्याच्या घसरगाडीवर शवपेटी ठेवून सगळे निघाले, आणि काठावरच्या शेवटच्या पाइनपाशी प्रीताने घोडा थांबवायला लावला. ताव्हेत्तींनी त्या झाडाच्या खालच्या फांद्या छाटल्या, खोडाची साल सोलली आणि उघड्या लाकडावर क्रूस, बायकोच्या नावाची दोन अक्षरे आणि वर्ष कोरले. आमच्या लोकांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. मेलेले माणूस घराच्या ओढीने निघते. वाटेत या झाडावर स्वतःचे नाव पाहते. आपण मेलो आहोत हे त्याला आठवते आणि ते मागे वळते. प्रीताने हे लोवीसाला समजावले ते तिला धीर यावा म्हणून. मुलीने त्यातून भलतेच ऐकले: आई येऊ शकते, आणि ती येऊ नये अशी व्यवस्था बाबांनी करून ठेवली आहे.

घर तिच्या अंगावर आले. मान्सिक्की गाय आईच्या हाताची. लोवीसा दूध काढायला बसली की गाय पान्हा चोरायची. बाळाला गाईच्या पोकळ शिंगातून, टोकाला बांधलेल्या कापडी चोखणीने दूध पाजावे लागे, आणि त्यातले अर्धे त्याच्या मानेवरून ओघळे. ताव्हेत्ती उजाडताच लाकूडतोडीला जात, परतल्यावर शेगडीपाशी बसत. ते कठोर नव्हते. मुलीशी काय बोलावे हे त्यांना सुचत नसे, एवढेच.

मार्चच्या आरंभी एका दुपारी बाळ रडून रडून निळे पडले. ते कसेबसे निजल्यावर लोवीसाने कुऱ्हाड उचलली, झाडापाशी गेली आणि क्रूस, अक्षरे, वर्ष, सगळे तासून काढले. ढलप्या तिने बर्फात पुरल्या. तिच्या मनात बंड नव्हते. तिला मदत हवी होती.

दुसऱ्या दिवशी मान्सिक्कीने पान्हा सोडला. मग बाळ लोवीसाच्या खांद्यावरून पलीकडे, दाराच्या दिशेने पाहून हसू लागले. सौना पेटवलेला नसतानाही त्याची फळी एकदा ओलसर लागली. आणि सकाळी ती गोठ्यातून परते तेव्हा टेबलावर कॉफीचे तीन पेले मांडलेले असत. झोपण्याआधी तिने दोनच ठेवलेले असत. ती कोणाला काही बोलली नाही. शिवताना, भाकरीचे पीठ मळताना हळू आवाजात आईला विचारू लागली: मीठ पुरे का, याला आता उठवू का. उत्तर येत असे, असे ती पुढे सांगे. शब्दांत नव्हे, पण आवाज आईचाच असे. त्या चार आठवड्यांत ती पुन्हा लहान झाली होती, आणि त्या घरात सर्वांत सुखी होती.

एप्रिल लागला तसे बाळ खंगू लागले. दूध टिकेना. तोंड म्हाताऱ्यासारखे झाले, रडणे मांजरीच्या पिलाएवढे उरले. तरी ते दाराकडे पाहून हसत होते. ते हसू पाहून लोवीसाच्या अंगावर पहिल्यांदा काटा आला.

ताव्हेत्तींनी प्रीताला आणले. तिने बाळाला उघडे करून पाहिले, शिंग नाकाशी नेले आणि सरळ शेगडीत टाकले. चोखणी कुजली आहे, आजपासून उकळलेल्या चमच्याने पाजायचे, असे तिने बजावले. मग तिची नजर टेबलावर गेली.

"घरात कॉफी पिणारी माणसं किती?"

"दोन," लोवीसा म्हणाली.

"मग हा तिसरा पेला कोणाचा?"

लोवीसाने वडिलांकडे पाहिले. ताव्हेत्तींनी मान खाली घातली होती, आणि त्या क्षणी तिला कळले की पेला रोज कोण मांडत होते.

"मीच ठेवतो, मावशी," ते म्हणाले. "पंधरा वर्षांची सवय आहे."

"सवय माणसाला लागते. तू लाकडं तोडून तोडून लाकूडच झालास." प्रीता मुलीकडे वळली. "आणि तू गं? तुझ्या तोंडावर काय लिहिलंय ते वाचायला मला चष्मा लागत नाही."

लोवीसाने खूण तासल्याचे सांगितले. वडील चिडतील असे तिला वाटले होते.

"मला माहीत आहे," ताव्हेत्ती म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी दिसलं."

"मग पुन्हा का नाही कोरलीत?" लोवीसाने विचारले.

ताव्हेत्तींनी तिसरा पेला आपल्याकडे ओढला. "माझ्याच्यानं जे झालं नव्हतं, ते तू केलं होतंस."

प्रीता बाकावर बसली. या घरात शहाणे माणूस एकच आहे आणि त्याला अजून दात आलेले नाहीत, असे काहीसे ती पुटपुटली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तुम्हाला दोघांना ती हवी आहे, कबूल. पण ती कोणासाठी येते? पाच दिवसांचं पोर टाकून गेलेली बाई घरात शिरली की पहिलं कोणाला उचलेल? तुला? ह्याला?"

पाळण्यात एलिअस दाराकडे पाहत होता.

ताव्हेत्ती कुऱ्हाडीसाठी उठले, पण प्रीताने त्यांना बसवले. ज्या हाताने खूण तासली त्याच हाताने ती घालायची. लोवीसा एकटीच गेली. दुपारचे ऊन होते, बर्फ वरून कडक आणि आतून भुसभुशीत झाला होता, आणि पाऊल घोट्यापर्यंत रुतत होते. तासलेल्या जागेवर राळ जमली होती. तिने ती खरवडली आणि सुरीने आधी क्रूस कोरला. पहिले अक्षर कोरताना तिला मागे कोणी उभे असल्याचे जाणवले, अगदी जवळ, जसे कोणी धडा गिरवून घेताना उभे राहते. ही अक्षरे आईनेच तिला शिकवली होती.

तिने मागे पाहिले नाही. वर्ष कोरून झाल्यावर ती मोठ्याने म्हणाली, "आई, तू गेली आहेस. इथून पुढे येऊ नकोस. त्याला मी बघते."

एलिअस वाचला. चमच्याने वाचवले की कोरलेल्या अक्षरांनी, यावर वस्तीत अजून वाद होतो. तो मला निरर्थक वाटतो. चोखणी कुजली होती हे खरे. पण सुरी हातात घेणाऱ्या मुलीला ते कारण पुरेसे नव्हते, आणि आपल्या निष्काळजीपणाचे ओझे तिने आईवर ढकललेही नाही. कुजलेली चोखणी आणि आईला बोलावणे, दोन्ही दोष तिने आपल्याकडे घेतले. पुढे जूनमध्ये पाद्री बाप्तिस्मा पक्का करायला आले आणि मूल कोणाच्या हाती द्यायचे असे त्यांनी विचारले, तेव्हा ताव्हेत्तींनी तिच्याकडे बोट केले.

त्या दुपारनंतर घर रिकामे झाले. मान्सिक्की दूध देत राहिली. पण पीठ मळताना लोवीसाने काही विचारले तर उत्तर येईना. एलिअसला दात आले, तो चालू लागला, बोलू लागला आणि आईविषयी विचारू लागला. आईचे हात, ओढणी, चाल, सगळे ती त्याला सांगू शकली. आवाज मात्र तिला आठवेना. तो स्वप्नातही परत आला नाही.

याविषयी ती आयुष्यात एकदाच बोलली, ऐंशी उलटल्यावर, सौनाच्या पायरीवर बसून, कोणी न विचारता.

"लहान होते मी," ती म्हणाली. "आईनं माझं इतकं ऐकायला नको होतं."