खुर्चीवर बसलेली बाई

"ये, वर ये. आमची मोलकरीण आली बरं का," दादा माईकवर म्हणले, आणि परभणीचा तो सगळा हॉल हसला.

मोलकरीण म्हणजे मी. तिसऱ्या रांगेत मायच्या शेजारी बसलेली. सत्कार दादांचा होता. दादा म्हणजे राणीसावरगावच्या मोठ्या जमिनीवाल्या घरचे, मुंबईत परदेशी सिनेमे मराठी आवाजात आणणारे डायरेक्टर. माझी माय आधी त्यांच्याच घरी भांडी घासायची.

"हिला तुम्ही पाहिलेलं नाही, पण ऐकलेलं आहे," दादा म्हणले. "त्या अमेरिकन मोलकरणीचं रडणं हिचंच. जरा रडून दाखव गं सगळ्यांना."

रडू मला येतच होतं. पण त्यांना पाहिजे होतं ते न्हाई.

अमेरिकेत एक नटी हाय. काळीसावळी, रुंद नाकाची, वयानं माझ्याहून थोडी मोठी. नाव सांगत न्हाई, ह्यात तिचा काय दोष न्हाई. तिचा पहिला सिनेमा मराठीत आणायचा होता तवा दादांनी मला आमच्या पूर्णा गावी फोन केला. "तिला तुझा आवाज दे. मला तुझ्यातली माती पाहिजे." तवा ते ऐकून मी लय खूश झाले. आता त्या माती शब्दाची चीड येती.

आमचं घर रुळाच्या कडेला. मागच्या खोलीत चारी भिंतींना वाकळा टांगल्या, दादांनी माईक धाडला, झाला स्टुडिओ. गाडी आली की गप बसायचं, गेली की बोलायचं. ओठ तिचे, बोल माझे. पहिल्या सिनेमात ती मोलकरीण होती. तिच्यावर चोरीचा आळ येतो आणि ती रडते. तसा आळ एकदा माझ्या मायवर आला होता. ते रडणं मी मायकडूनच उचललं. मग ती नटी टीव्हीवर आली. जेलातली कैदी. मग दारुड्याची बायको. मग दवाखान्यात फरशी पुसणारी. चार वाक्यं, एक थोबाडीत, एक किंकाळी. तिला बसली की गाल माझा हुळहुळायचा.

मी कंटाळले की दादा फोनवर म्हणायचे, "कामून हिरमुसायलीस? ती वर चढंल तशी तू बी चढशील. शेवटपर्यंत तिचा आवाज तूच."

आणि चढली की ती. नव्या मालिकेत जज झाली. काळा झगा, उंच खुर्ची, आणि गोरे वकील समोर हात बांधून उभे. त्या वाकळांच्या खोलीत मी एकटीच टाळ्या वाजवल्या. पहिले दोन भाग बोलून धाडले. दादांचा फोन आला, "लय भारी झालंय. परभणीला माझा सत्कार हाय, मायला घिऊन ये. तिथं दाखवतो सगळ्यांला."

मायला नवं लुगडं घेतलं. हॉलात पडदा उजळला. ती बाई खुर्चीवर बसली, तिनं तोंड उघडलं, आणि आवाज दुसरीचाच. गुळगुळीत, पुस्तकातला.

माय कानाशी लागली. "तू कामून अशी बोलायलीस गं?"

"मी न्हाई माय ती."

तेवढ्यात वरून मोलकरणीला बोलावणं आलं. वर गेले आणि दादांना हळूच इचारलं, "जज कोण बोलली?"

त्यांनी माईक बाजूला धरला, चेहरा हसराच ठेवला. "अगं, जज अशी बोलते का? लोक हसतील. मनाला लावून घेऊ नकोस, तुझं काम वेगळं आहे."

फोनवर मला कामून म्हणणारा माणूस. घरी आईशी माझ्यासारखंच बोलणारा. केसानं गळा कापला म्हणतात तो असा. आणि लोक हसतील म्हणे. मोलकरीण म्हणल्यावर लोक हसलेच होते की. ते चाललं.

त्यांनी माईक माझ्या हातात दिला. "हां, रड."

समोर माय बसलेली. तिचं रडणं हिथं, शाल-नारळ मांडलेल्या टेबलापाशी, मी करमणूक म्हणून काढून दाखवू? मी माईकात म्हणलं, "हे रडणं माझ्या मायचं हाय. ते हसायला न्हाई." माईक ठेवला, खाली आले, मायचा हात धरला आणि निघाले. मागून कुणीतरी म्हणलं, "लय माज आलाय."

आलाय. बरं झालं.

गाडीत मायनं नव्या लुगड्याचा पदर सारखा केला. मग म्हणली, "त्येंच्या घरचं लय खाल्लंय पोरी आपण."

"घासलंय बी लय, माय."

मला राग कशाचा आला ते सांगते. त्या बाईला तिकडं त्या खुर्चीपर्यंत पोचायला काय सोसावं लागलं आसंल ते मला ठावं हाय. तिची एकेक थोबाडीत मी बोललेय. तिच्या देशानं तिला वर बसू दिलं, आणि मराठीत आणताना आमच्याच जिल्ह्याच्या माणसानं तिच्या तोंडातून माझी भाषा काढून घेतली. फरशी पुसायची तर आमच्या बोलीत. निकाल द्यायचा तर त्यांच्या.

वाटलं, संपलं. तर महिन्याभरानं दादांचाच फोन. आवाज मऊ. "झालं गेलं सोड. त्याच मालिकेत पुढं जजचे जुने दिवस दाखवलेत. तवा ती गरीब असती, लोकांच्या घरी काम करायली असती. तेवढं तू बोल. तुझ्यासारखं कुणाला जमायचं न्हाई."

मला आधी कळंनाच. मग कळलं. मालिका तीच, बाई तीच. गरीब हाय तोवर बोल माझे, खुर्चीवर बसली की दुसरीचे. आणि ह्या माणसाला त्यात काहीच वावगं वाटंना. इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची भीड वाटली न्हाई.

"दादा, ती बाई एकच हाय," मी म्हणलं. "झाडणारी बी मी बोलणार, निकाल देणारी बी मीच बोलणार. अख्खी देत असाल तर द्या. अर्धी मी घेत न्हाई."

"मग तुला काम मिळणार नाही," ते म्हणले. शुद्ध भाषेत म्हणले.

"न्हाई मिळू द्या." फोन मी ठेवला.

तवापासून काम न्हाई. खोटं कामून सांगू? पण आता कुणीबी माझ्याकडं मोलकरीण घिऊन आलं तर मी आधी इचारणार, ही उद्या वर बसली तर बोलणार कोण? उत्तर 'तू' नसंल, तर त्यानं आल्या पावली माघारी जावं.