पोचल्याचा फोन

नेस्टर हाव्रिलुकला आकडे कळत नाहीत असं म्हणायची कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या त्याच्या गावात कोणाची छाती नव्हती. गव्हाला बुशेलमागे एक सेंट जास्त मिळतोय म्हणून गावातलं कोठार सोडून तासभर लांबच्या कोठारावर ट्रक नेणारा माणूस तो. बायको, स्तेफा, त्याला चिक्कू म्हणायची आणि तो ते कौतुक समजायचा.

स्तेफा जाऊन काही हिवाळे झाले. जाताना तिने जमिनीतला आपला अर्धा वाटा लेकीच्या, लारिसाच्या नावे केला. पुढे नेस्टरच्या गुडघ्यांनी राम म्हटला, तेव्हा त्याने सगळी जमीन शेजारच्या रायमरला खंडाने दिली. पेरणीआधी आणि कापणीनंतर असा वर्षातून दोनदा खंड यायचा, आणि त्यातला निम्मा नेस्टर लारिसाला पाठवायचा. ती अमेरिकेत, ॲरिझोनात. इस्पितळातली नोकरी, नवरा, दोन मुलं. तिकडच्या उन्हात ती इथली थंडी विसरली होती. थंडीबरोबर आणखी काय काय विसरली, हा प्रश्न नेस्टर स्वतःलासुद्धा विचारत नसे.

पैसे जायचे गावच्या पतसंस्थेतून. इथले डॉलर तिकडचे डॉलर होऊन जाताना मधली कुठलीशी बँक त्यातले किती खाईल याचा नेम नसायचा. म्हणून लारिसा फोन करायची. बापाला ती युक्रेनी तऱ्हेने तातो म्हणायची. तातो, पोचले, आणि इतके इतके पोचले. नेस्टर मधल्या बँकेला शिव्या घालायचा, ती हसायची. मग गुडघ्यांवर गाडी यायची, मग नातवंडांवर, मग स्तेफा बीटच्या सारात, बोर्शमध्ये, व्हिनेगर घालायची की नाही यावर दोघांचं जुंपायचं. पाऊण तास कसा जायचा कळायचं नाही. नाताळातही एक फोन यायचा, पण तो पंचवीस डिसेंबरला, घाईघाईत. नेस्टरचा नाताळ जुन्या युक्रेनी पंचांगाप्रमाणे सात जानेवारीचा. त्या दिवशी तिकडे कोणालाच सुट्टी नसते.

मग पतसंस्थेने परदेशी पैसे पाठवायचं बंद केलं, आणि नेस्टर यॉर्कटन शहरातल्या मोठ्या बँकेत जाऊन बसला. टेबलापलीकडे मारिविक नावाची हसऱ्या चेहऱ्याची पोरगी होती. स्वतः दर महिन्याला फिलिपिन्सला आईला पैसे पाठवणारी, त्यामुळे मन लावून समजावत होती. अमेरिकन डॉलरचं एक खातं फुकट, पण पैसे जुन्याच वाटेने जाणार, मध्ये कोणीतरी चावा घेणार. दुसऱ्याला दरमहा फी, चावा थोडा लहान. तिसरं मात्र थेट. याच बँकेच्या अमेरिकेतल्या शाखेत लेकीने खातं काढायचं. इकडे बटण दाबलं की तिकडे त्याच क्षणी जमा, एक सेंटही इकडेतिकडे नाही.

"आणि पोचले ते मला कसं कळणार?" नेस्टरने विचारलं.

"पडद्यावरच दिसेल ना, आजोबा. तिच्या फोनवरही संदेश जाईल. कोणी कोणाला विचारायलाच नको."

नेस्टरने टोपी काढली, पुन्हा घातली. पहिलं खातं द्या, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. पण का, असं ती विचारणार, आणि त्याला उत्तर द्यावं लागणार. एका सेंटसाठी तासभर ट्रक हाकलेल्या माणसाने या परक्या पोरीला काय सांगायचं? की मला चावा घेणारंच खातं हवंय, कारण त्या चाव्यापायी माझी लेक मला फोन करते? त्याने मुकाट्याने तिसऱ्या खात्यावर बोट ठेवलं. मारिविक म्हणाली, अगदी शहाणपणाचं केलंत.

त्या शरदात रायमरने खंड दिला, नेस्टरने चष्मा चढवून टॅबलेटवर बटण दाबलं, आणि कॉफी उकळायच्या आत पडद्यावर आलं की पोचले. तो फोनजवळ बसला. जेवायची वेळ टळली तरी बसला. दुपारी टॅबलेट वाजला. लारिसाने पोच पाठवली होती: एक उभा अंगठा. बास.

पुढचा हिवाळा त्याला फार जड गेला. सकाळी तो सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर जायचा. तिथे म्हातारे फासे टाकून बिल कोणी द्यायचं ते ठरवत. पण टेबलावरची माणसं एकेक करून कमी होत होती, आणि परत येऊन बघावं तर अख्खा दिवस आ वासून पुढे पडलेला. एकदा बोर्श केलं की चार-चार दिवस पुरायचं. रेडिओवर गव्हाचे भाव लागले की तो निवेदकाशी हुज्जत घालायचा, कारण आवाज वापरला नाही तर बसेल अशी त्याला धास्ती वाटे. आपण होऊन लेकीला फोन करावा तर ती कामात असायची. "तातो, मी करते नंतर," म्हणायची, आणि ते नंतर काही येत नसे. नेस्टरला भयंकर एकटं वाटत होतं. सरळ सांगितलेलं बरं, तो तर कोणाला सांगणार नव्हता.

वसंतात पेरणीआधीचा खंड आला. नेस्टर टॅबलेट घेऊन बसला. कॅनडाचे जेवढे डॉलर लारिसाच्या वाट्याला आले होते, तेवढाच आकडा त्याने अमेरिकन डॉलरच्या रकान्यात टाकला. अमेरिकन डॉलर महाग, हा दोन डॉलरांमधला फरक इकडे शाळकरी पोरालाही पाठ असतो. नेस्टरने चष्मा पुसला, आकडा पुन्हा वाचला, आणि शांतपणे बटण दाबलं.

फोन लगेच वाजला.

"तातो, हे काय केलंत? खूप जास्त आलेत."

"आले का? बरं झालं. पोरांना काहीतरी घे."

लारिसा इस्पितळातून बोलत होती, पण आज तिला घाई नव्हती. तिने गुडघ्यांचं विचारलं, जेवणाचं विचारलं, शेगडी बंद करता ना, म्हणून विचारलं. नेस्टर सुखावून एकेक सांगत होता. व्हिनेगरवर यावं म्हणून तो विषय वळवायला लागला, तेवढ्यात तिचा आवाज बदलला.

"तातो, खरं सांगा. विसरायला होतं का हल्ली?"

मुद्दाम केलं गं, तुझा आवाज ऐकायला केलं, एवढंच त्याला म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर ती रडली असती, माफी मागितली असती, आणि पुढच्या शरदात पुन्हा अंगठा आला असता. आणि एवढं उघडं होणं त्याला स्तेफापुढेही कधी जमलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "होतं कधी कधी."

मग लारिसाने भराभर ठरवून टाकलं. ते खातं आता ती तिकडून सांभाळेल, त्याने हात लावायचा नाही. आणि ती दर रविवारी फोन करेल. दर रविवारी, तिने पुन्हा सांगितलं.

जन्मभर आकड्यांवर जगलेल्या माणसाच्या हातून आकडे काढून घेतले, आणि त्याने ते हूं की चूं न करता दिले. ही बातमी कॉफीच्या टेबलावरही पोचली. तेव्हापासून नेस्टरची फासे टाकायची पाळी आली की कोणीतरी ठिपके मोठ्याने मोजून दाखवतं. त्याला ते लागतं. तो फासे पुढच्याकडे सरकवतो.

रविवारी तो लवकर उठला, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि खुर्ची फोनजवळ ओढून बसला. फोन आला. लारिसाने हवापाण्याचं विचारलं, आणि मग इस्पितळात म्हाताऱ्यांशी बोलतात तशा मऊ, सावध आवाजात म्हणाली, "तातो, आज वार कोणता आहे?"

नेस्टर सोमवारपासून याच रविवारची वाट बघत होता.

"आज?" तो म्हणाला. "शनिवार ना?"

लारिसा म्हणाली की आता ती बुधवारीही फोन करत जाईल.