एकवीस दिवस दोन ठिकाणी

जोगेश्वरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये संघमित्रा हिवराळेने बारा वर्षं लोकांचं रक्त तपासलं. चाळिशीला दोन वर्षं उरली असताना मुलुंडच्या एका मोठ्या हॉस्पिटलने तिला कायमची नोकरी दिली. एक जूनला, शनिवारी, तिने लॅब सोडली आणि सोमवारी दिंडोशीहून मुलुंडची बस धरली.

बारा जुलैला दुपारी एचआरमधल्या देवेशने तिला खाली बोलावलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"मॅडम, पीएफच्या नोंदीत तुम्ही लॅब सोडलीत तेवीस जूनला. इथे लागलात तीनला. एकवीस दिवस दोन ठिकाणी नोकरी. पाचपर्यंत लॅबचं पत्र आणा. आज पडताळणी बंद होतेय. नाहीतर नोकरी जाईल, माझ्या हातात काही नाही."

तेवीस जून ऐकताच तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तो रविवार होता. जूनचे तीन रविवार ती जोगेश्वरीला गेली होती. नव्या मुलीला, अक्षताला, मशीन जमत नव्हतं. लॅबच्या मालक डॉक्टरांचा फोन आला, तिच्याने नाही म्हणवलं नाही. पैसे घेतले नाहीत. पण आत शिरलं की आधी हजेरीच्या वहीत सही करायची, ही बारा वर्षांची सवय. तिन्ही रविवारी हात आपोआप वहीकडे गेला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती रिक्षाने जोगेश्वरीला पोचली. लॅबचं ऑफिस सांभाळणाऱ्या नलिनीताईंनी वही उघडून समोर ठेवली.

"शेवटची सही तेवीसची. मी तीच तारीख भरली. माझं काय चुकलं गो?"

"ताई, मधले वार बघा ना. सोमवार ते शनिवार माझी सही आहे का कुठे?"

सही नव्हती. पण चौकोन कोरेही नव्हते. प्रत्येकात लाल पेनाने 'रजा' लिहिलं होतं.

"रिकामा चौकोन दिसला की तपासणीवाला ओरडतो. महिनाअखेरीला मी सगळ्यांचे असेच भरते. तुला काय नवीन आहे?"

नवीन नव्हतं. बारा वर्षं तिचेही चौकोन असेच भरले गेले होते.

"मग लिहून द्या, की मी एक तारखेलाच सोडलं. रविवारी नुसती शिकवायला आले."

नलिनीताई आत डॉक्टरांकडे जाऊन आल्या. "ते म्हणतात, रविवारच्या रिपोर्टांवर सही तुझी. तू एक तारखेलाच सोडलंस असं लिहिलं, तर ते रिपोर्ट केले कुणी? उद्या पेशंट विचारतील."

"तेच म्हणाले होते, तू सही कर! अक्षतावर भरवसा नाही म्हणाले!"

"हो गो. पण ते लिहून कोण देणार?"

संघमित्राने आतल्या दारावर हात मारला. "डॉक्टर, दोन ओळी द्या. पाया पडते तुमच्या."

आतून आवाज आला, "पेशंट आहे."

परतीच्या रिक्षात तिने घडलं ते सगळं स्वतःच एका कागदावर लिहिलं. अक्षर रस्त्याच्या खड्ड्यांनी वाकडं झालं. देवेशने तो कागद दोनदा वाचला.

"हे तुम्ही लिहिलंत, मॅडम. त्यांनी काय लिहिलं?"

"काही नाही."

पाच वाजून गेले होते. त्याने फॉर्म काढला. "आयकार्ड इथे ठेवा. सोडल्याची तारीख आजची घालतो."

"घाला. माझ्यासमोर घाला."

तारखेचे आकडे नीट पडेपर्यंत ती टेबलापाशी उभी होती. तेवढ्यात वरच्या लॅबमधून तिच्या साहेबांचा, मार्तंड सरांचा, फोन आला. "खाली आहेस ना? आयसीयूचे दोन नमुने आलेत, इथे मी एकटाच. ये पटकन."

ती गेली. नमुने लावले, आकडे ताडून पाहिले. रिपोर्टाचे कागद बाहेर आले तसा उजवा हात खिशातल्या पेनाकडे गेला. पेन उघडलं, पुन्हा बंद केलं आणि कागद मार्तंड सरांपुढे सरकवले.

"सही तुम्ही करा, सर. माझी सोडल्याची तारीख पडली, आजची."