अर्जातली अकबरबी

"थांब अकबरबी, जल्दी कशाची?" हे अकबरबी दिवसातून पन्नासदा म्हणायची, आणि स्वतःलाच म्हणायची. भाकरी थापताना, शेळी सोडताना, रस्ता ओलांडतानासुद्धा. धावडा गावात नवख्या माणसाला वाटायचं, हिच्यासंगं आणखी एखादी अकबरबी चाललीय.

घरात उर्दू. मराठी घडाघडा बोलायची, पण लिहायला बसली की हात लाकडाचा व्हायचा. आता शाळेत खिचडी शिजवायला बाई घ्यायची होती. रोज काय शिजलं ते मराठीत लिहून ठेवायचं, म्हणून अर्जही आपल्या हातानं मराठीतच हवा होता. बावन्न वर्षांच्या अकबरबीला ते काम जिवापाड हवं होतं. सुनेच्या राज्यात तिला चुलीपाशी जागाच उरली नव्हती.

शाळेत मराठी शिकवणाऱ्या दैवशालाबाईंनी तिला महिनाभर दुपारी ओसरीवर बसवलं. बाई सांगायच्या, ही शब्द न् शब्द उतरवून घ्यायची. मग एक दिवस बाई म्हणाल्या, "आता मी न्हाई सांगणार. तुमचं तुम्हीच सांगा. आधी काय लिहायचं ते ठरवा, लिहिताना स्वतःला विचारत राहा, शेवटी स्वतःच तपासा."

"म्हंजे आपल्याशीच बोलू?"

"बिलकुल. ती सवय तुम्हाला हायच की!"

अकबरबीनं तसंच केलं. सांगणारी तेवढी बदलली. उतरवून घेणं तेच राहिलं.

शनिवारी अर्ज बघायला शाळेची समिती बसली. अकबरबी आणि दैवशालाबाई समोरच होत्या. अध्यक्ष राधेश्यामशेठ अर्ज मोठ्यानं वाचू लागले.

"मी अकबरबी, राहणार धावडा. नाव झालं, आता काम सांग. मला खिचडी करण्याचे काम मिळावे. नुसतं मिळावे? का मिळावे ते सांग ना बये. मी तीस वर्षे लग्नाच्या पंगतींना रांधले आहे. फुशारकी पुरे. पाणी पी."

समिती पोट धरून हसली. दैवशालाबाईंनी पदरात तोंड लपवलं.

"अकबरबी, हे 'पाणी पी' मला का?" शेठ डोळे पुसत म्हणाले.

अकबरबीचे कान तापले. काम गेलं, असं तिला वाटलं. तरी ती उठली, शेठच्या हातातला कागद घेतला, पेन मागितला आणि तिथंच मांडी घालून बसली. एकेक ओळ ओठ हलवत वाचायची, नको ते खोडायची. चहा आला, निवला. हसू कधीच थांबलं होतं.

कागद परत गेला तेव्हा त्यात तीन वाक्यं उरली होती. त्यातून काढण्यासारखं काही नव्हतं.

शेठनं बाकीचे दोन अर्ज पुन्हा पाहिले. दोन्ही एकाच नमुन्यावरून उतरवलेले. दोन्हींच्या तळाशी वळणदार अक्षरात, 'येथे आपले नाव लिहावे.'

"ह्या दोघींनी लिहिलं, पण वाचलं न्हाई," शेठ म्हणाले. "उद्यापासून या, अकबरबी."

"उद्या इतवार हाय, शेठ. बोलायच्या आधी जरा तपासत जा."

ती बाहेर पडली. खिचडीच्या खोलीचं दार ढकलून पाहिलं, चुलीतली राख बोटानं चाचपली आणि मळ्याच्या कडेकडेनं, पायाखाली बघत, सावकाश घराकडं निघाली. दैवशालाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्यामागं शेठ, तोंड अर्धं उघडं.